मादी सत्तावीस

जंगलातल्या रोहन नाल्यातली मादी मेली असं कानांनी ठरवलं, तेव्हा मी स्टुडिओत एका नवरदेवाचा फोटो काढत होतो. मोबाइलवर निरोप आला. मी तो वाचला, नवरदेवाला हनुवटी जरा खाली घ्यायला सांगितलं, फोटो काढला, आणि तो गेल्यावर निरोप पुन्हा वाचला. 'मादी सत्तावीस, नोव्हेंबरपासून आवाज नाही, मृत समजावी. नर सव्वीस एकटा. सोमवारी पकडून प्रजनन केंद्रात हलवावा.'

मी उत्तम खानझोडे. मेळघाटातल्या एका बाजारगावात माझा स्टुडिओ आहे. हल्ली यंत्राला सांगितलं की ते हवा तसा फोटो बनवून देतं, वऱ्हाडी नाचताना, पाऊस पडताना, काय म्हणाल तसा. त्यामुळे लग्नाची कामं गेली. सरकारी कामाला मात्र समोर बसवून काढलेला फोटो अजून लागतो, त्यावर दुकान चालतं. उरलेला वेळ मी रानपिंगळ्यांचे फोटो काढतो.

रानपिंगळा म्हणजे वीतभर उंचीचं घुबड. गावातल्या पिंगळ्याच्या डोक्यावर ठिपके असतात, याच्या डोक्यावर जवळजवळ नसतात. आणि हा दिवसाढवळ्या बाहेर असतो. सकाळी सागाच्या शेंड्याला बसून शेपूट डावीउजवीकडे हलवतो आणि पालींवर, सापसुरळ्यांवर नजर ठेवतो. शंभराहून जास्त वर्षं तो कुणाला दिसला नव्हता, संपला असंच सगळे धरून चालले होते. मग सातपुड्यात पुन्हा सापडला. अजूनही थोडेच आहेत.

घुबडांचे फोटो मी दुकानात लावले तेव्हा लोक म्हणाले, लग्नाच्या फोटोवाल्यानं ही काय अवदसा टांगली. माझी बायको रंजना म्हणाली, राहू द्या, उगाच बसायला येणारे तरी कमी होतील. ती पौष महिन्यात गेली. फुफ्फुसं आकसत जाण्याचा आजार होता.

आता कानांबद्दल. जेवणाच्या डब्याएवढी खोकी जंगलभर झाडांना बांधली आहेत. आत माइक, वर सूर्यावर चालणारी पट्टी. ती रात्रंदिवस ऐकतात. गावात सगळे त्यांना कान म्हणतात. प्रत्येक रानपिंगळ्याचा गळा थोडा वेगळा, त्यामुळे सूर कुठून चढतो, किती लांबतो, दोन सुरांत किती थांबतो, हे प्रत्येकाचं वेगळं. माणसाच्या अंगठ्याच्या ठशासारखं. एकच आवाज तीन कानांना थोडा मागेपुढे पोचतो, त्या फरकावरून पक्षी कुठल्या झाडावर आहे तेही काढता येतं. पक्ष्याला न पकडता, पायात कडी न घालता, घरबसल्या मोजणी होते. काम खरंच चांगलं आहे, मी नावं ठेवणार नाही. फक्त कान आल्यापासून कुणी डोळ्यांनी बघायला जात नाही.

कान बसवायच्या वेळी ग्रामसभा झाली होती. जंगलात बायका मोहफुलं वेचायला जातात, सरपणाला जातात. तिथे ऐकायला सासू नसते, नवरा नसतो, म्हणून मोकळं बोलतात. कुणी ते ऐकून ठेवलं तर काय, असा प्रश्न निघाला. निघाला म्हणजे रंजनानं काढला. एरवी चारचौघांत न बोलणारी बाई उभी राहिली आणि म्हणाली, “पाखरांचं ऐका, आमचं नाही. आमच्यातल्या कोणाचाही आवाज त्या डब्यात राहायला नको. चुकून राहिला तर पुसायचा.” बायकांनी टाळ्या वाजवल्या. ती अट ठरावात आली आणि पुढे सगळ्या जंगलांसाठी तोच नियम झाला. माणसाचं बोलणं आलं की खोकं ते जागच्या जागी पुसतं.

निरोप वाचून मी डॉक्टर नीलिमा कास्देकरांना फोन केला. कानांचं सगळं काम त्या बघतात. शेजारच्याच कोरकू गावातल्या, माझ्या मुलीपेक्षा थोड्या मोठ्या. मला काका म्हणतात. मी सांगितलं की नर एकटा नाही. नाल्याजवळच्या सालईच्या ढोलीत मादी अंड्यांवर बसली आहे. नर तोंडात पाल धरून येतो आणि आतून चोच बाहेर येऊन ती घेते. मी स्वतः पाहिलं आहे, फोटो आहे. नराला नेलं तर ती एक तर उपाशी मरेल, नाही तर अंडी सोडून जाईल.

त्यांनी फोटो मागवून घेतला, नीट पाहिला, आणि अवघडून म्हणाल्या, “काका, फोटो सुंदर आहे. पण फोटो पुरावा म्हणून घेता येत नाही. तुमच्यावर शंका नाही हो, नियमच आहे.”

नियम का झाला तेही मला माहीत होतं. एकानं यंत्राकडून वाघाची पिल्लं बनवून घेतली होती आणि अर्धं वनखातं त्यांच्यामागे पळालं होतं. तेव्हा मीही हसलो होतो.

नीलिमा मॅडमचं म्हणणं सरळ होतं. सत्तावीस दोन वर्षं त्या नाल्यात नेमानं बोलायची. ती जिवंत असती तर तिचा आवाज आला असता. दुसरी मादी आली असती तर नवा आवाज आला असता. दोन्ही नाहीत. नर थोडे, एक वाया घालवता येत नाही. तरी त्या म्हणाल्या, तुम्ही गावच्या वन समितीत आहात, सत्तावीसचे आवाज तुमच्या फोनवर उघडतील. ऐका. काही सापडलं तर सांगा.

मी घरी येऊन भात टाकला आणि फोन ओट्यावर ठेवून सत्तावीसचे आवाज लावले. प्रत्येकाखाली यंत्राची टीप होती. शेवटच्या काही आवाजांखाली लिहिलं होतं, 'सूर आखूड होत आहेत. मादी वृद्ध किंवा आजारी असावी.'

शेवटचा आवाज लागला. दोन सुरांची शीळ. पहिला सूर चढून खाली आला, दुसरा अर्ध्यात तुटला. तुटला तिथे एक बारीक श्वास आत ओढल्याचा आवाज.

तो श्वास मी सबंध पावसाळा आणि दिवाळी शेजारच्या खाटेवरून ऐकला होता.

भात करपला. मी गॅस बंद केला आणि तिथेच फरशीवर बसलो.

हे सांगायला हवं की आमच्याकडे बाईनं शीळ घालणं चांगलं समजत नाहीत. घरात साप येतो म्हणतात, लक्ष्मी जाते म्हणतात. रंजना लहानपणी गुरांमागे असायची, तिथे शीळ शिकली आणि त्याबद्दल आईचा मारही खाल्ला. लग्नानंतर ती घरात, गावात कधी शीळ घालत नसे. पण माझ्याबरोबर जंगलात आली की नाल्यापाशी पायवाटेवर उभी राहून पिंगळ्याला बोलवायची. मी कॅमेरा लावून बसायचो आणि ती म्हणायची, “तुम्ही गप बसा न. त्याले येऊ द्या.” दोन सूर काढायची. नर सागाच्या शेंड्यावर येऊन उत्तर द्यायचा. मला चोच उघडी असलेला फोटो मिळायचा. माझे चांगले म्हणून जे फोटो आहेत ते सगळे असे मिळाले आहेत. ही गोष्ट आम्ही कुणाला सांगितली नव्हती. लपवायचं म्हणून नाही. बायकोच्या शिळेची गोष्ट कोण सांगत फिरतं?

यंत्रानं तिला पिंगळा कसं समजलं, तेही माझ्या हळूहळू ध्यानात आलं. आपण बोलतो तेव्हा घशातून निघालेला आवाज तोंडात घुमतो. त्यात एकावर एक असे बरेच सूर असतात. त्यावरून यंत्र माणूस ओळखतं आणि पुसतं. शिळेत तसं काही नसतं. एकच सूर, एक रेघ. पिंगळ्याचा आवाजही तसाच जवळजवळ एका रेघेचा. म्हणून जंगलात रंजना माझ्याशी जे बोलली ते सगळं खोक्यानं पुसलं, आणि शीळ तेवढी जपून ठेवली. तिला नंबर दिला.

मला खरं तर लगेच फोन करायला हवा होता. केला नाही. कारण सांगतो. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या हळदी आणि वराती टिपल्या. त्यांच्या आत्या-मावश्यांचे आवाज माझ्याकडे तासन् तास पडले आहेत. रंजना मात्र नेहमी माझ्या मागे, दिवा धरून किंवा वायर सावरत. तिचा आवाज माझ्याकडे कुठेच नाही. आणि इथे एकदम दोन वर्षं सापडली. पावसाळ्यातली, थंडीतली, एक तर अशी की शीळ मध्येच फुटते, कारण तिला हसू आलं होतं. ते का आलं होतं तेही मला आठवलं. माझ्या टोपीवर माकड... असो.

आणि सत्तावीस माणूस आहे असं मी म्हटलं की नियमाप्रमाणे ती पुसली जाणार. तिच्याच नियमाप्रमाणे.

शनिवार मी तसाच काढला. आवाज ऐकत होतो आणि बरं वाटत होतं, आणि ढोलीतली मादी डोळ्यांपुढून जात नव्हती. संध्याकाळी मुलीला फोन लावला. स्नेहल अकोटला औषधाच्या दुकानात असते. काही न सांगता तिला एक आवाज ऐकवला.

तिनं तो पुन्हा लावायला सांगितला. मग म्हणाली, “ही आई आहे.”

मी सगळं सांगितलं. दुसऱ्या फोनवर उतरवून घ्यावं आणि मग सांगावं, असंही मनात आल्याचं सांगितलं. ती रागावेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, “घ्या न उतरवून. कोण विचारणार आहे? पण मग ते ऐकताना तुम्हाला ग्रामसभा आठवेल. आई उभी राहिलेली आठवेल. तुम्हाला चालेल का ते बघा.” मग म्हणाली, “मला तर तिची शीळ येते, बाबा. तिनं शिकवली आहे. तुम्हाला माहीत नव्हतं?”

मला माहीत नव्हतं.

मी तेव्हाच नीलिमा मॅडमना फोन केला, रविवारी सकाळी नाल्यावर या म्हणालो. त्यांनी कारण विचारलं. मी म्हणालो, सत्तावीस कोण ते दाखवतो.

सकाळी आम्ही चौघं पायवाटेवर उभे होतो. स्नेहल पहिल्या बसनं आली होती. चौथा मुन्नालाल, तिथला वनरक्षक, माझा जुना मित्र. मोहफुलं अजून पडायला लागली नव्हती, सागाची पानं खाली वाळून पडलेली, पाय टाकला की आवाज. मी मॅडमना सगळं सरळ सांगितलं. बायको शीळ घालायची, तीच तुमची सत्तावीस, ती पौषात गेली.

मुन्नालाल मोठ्यानं हसला. “उत्तमभाऊ, वहिनी शीळ मारे? आमच्यासमोर तर कधी चहा देतानाही तोंड वर नाही केलं तिनं. काही पण सांगता का राजा?” मग माझ्याकडे पाहिलं आणि हसू आवरलं.

नीलिमा मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, “काका, मी समजू शकते. माणूस गेलं की सगळीकडे तेच ऐकू येतं. माझा आजोबा गेला तेव्हा मला...”

“म्हणून तर हिला आणलं,” मी म्हणालो.

स्नेहलनं ओठ ओले केले आणि फुंकर मारली. नुसती हवा निघाली. पुन्हा मारली, पुन्हा हवा. मुन्नालालनं खाली बघितलं. मला वाटलं आता संपलं, फोटोही गेला आणि हेही गेलं. स्नेहल म्हणाली, “जरा तिकडे बघा न सगळे. माझ्याकडे बघत राहिलात तर होत नाही.” आम्ही तिघांनी पाठ केली.

मग शीळ आली. दोन सूर. पहिला चढून खाली, दुसरा पूर्ण. रंजनाची नव्हती, पण त्याच घरातली होती.

काही झालं नाही. मग नाल्यापलीकडच्या सागाच्या शेंड्यावर सव्वीस येऊन बसला, शेपूट हलवली आणि उत्तर दिलं.

मॅडमच्या हातातल्या, कानांना जोडलेल्या पाटीवर अक्षरं उमटली. त्यांनी ती वाचली आणि माझ्याकडे धरली. 'नवी मादी. क्रमांक एक्केचाळीस. पायवाटेजवळ.'

नीलिमा मॅडम खडकावर बसल्या. आधी त्यांनी डोक्याला हात लावला आणि मग त्यांना हसू आवरेना. “काका, मी या बाईवर लेख लिहिलाय. सत्तावीस नेहमी पायवाटेजवळच का बसते, यावर. बाजाराच्या दिवशी ती बोलत नाही, म्हणजे ही मादी गर्दीला बुजते, असं लिहिलंय मी.”

“बाजाराच्या दिवशी ती दुकानात असायची,” मी म्हणालो.

“मी परिषदेत वाचून दाखवलंय ते. लोकांनी टाळ्या वाजवल्या.”

“वहिनीले टाळ्याच मिळतात,” मुन्नालाल म्हणाला. “ग्रामसभेत पण मिळाल्या होत्या.”

मग त्या कामाला लागल्या. हसणारी बाई एकदम वेगळी झाली. त्यांनी मला समजावलं ते असं. यंत्राच्या लेखी त्या नाल्यात एक नर आणि एक मादी, जोडी पूर्ण होती. त्यामुळे तिसरा हळू आवाज आला की ते तो नराचाच बारीक आवाज समजून त्याच्या नावावर टाकत होतं. आता सत्तावीसला जोडीतून काढलं तर ते हळू आवाज कुणाचे हा प्रश्न उरतो. त्यांनी सालईजवळच्या कानाचे ते आवाज वेगळे काढले आणि मोठे करून लावले. फुसफुसल्यासारखा, हट्टी, पुन्हा पुन्हा येणारा आवाज.

“हा नर नाही,” त्या म्हणाल्या. “ही मादी खायला मागते आहे.”

खडकावर बसूनच त्यांनी फोन केला. सोमवारची माणसं येणार नाहीत असं ठरलं. पलीकडचा बराच वाद घालत होता. मॅडम त्याला म्हणाल्या, चूक माझी आहे असं लिहा, पण जाळी आणू नका. आणि उरलेल्या एकोणचाळीस जणांकडेही मी स्वतः डोळ्यांनी पाहून येणार आहे, त्यात आणखी कुणाच्या बायका निघतात ते बघायला. मला इतकं हलकं वाटलं की मीही खाली पानांत बसलो. रंजना गेल्यापासून छातीत एक दगड होता, मला वाटलं होतं तो दुःखाचा आहे. त्यातला निम्मा काळजीचा निघाला.

फोन ठेवून त्या माझ्याशेजारी आल्या. आवाज खाली करून म्हणाल्या, “काका, ही माणूस आहे अशी नोंद मला आज करावी लागेल. केली की सगळं आपोआप पुसलं जातं, सगळीकडून. मी ती नोंद संध्याकाळी केली तरी चालेल. तोपर्यंत तुमच्या फोनवर आहे. मी काही विचारणार नाही.”

मी स्नेहलकडे पाहिलं. ती मुद्दाम नाल्याकडे बघत होती.

“आत्ताच करा,” मी म्हणालो. “तिनं सांगितलं होतं, चुकून राहिला तर पुसायचा.”

त्यांनी बोट टेकवलं. एवढंच झालं.

आम्ही निघणार, तेवढ्यात मुन्नालालनं माझा दंड धरला. सालईच्या ढोलीतून एक डोकं बाहेर आलं होतं. मादीनं इकडेतिकडे पाहिलं, बाहेर आली आणि सव्वीसजवळ जाऊन बसली. तो चोचीनं तिच्या मानेतली पिसं सारखी करू लागला. ऊन दोघांच्या पोटावर होतं. कॅमेरा माझ्या गळ्यातच होता. मी फोटो काढला. पुरावा म्हणून त्याचा काही उपयोग नाही. नीलिमा मॅडमनी मात्र एक प्रत मागितली, अहवालासाठी नको, घरी लावायला. माझ्या दुकानातही तो आता दारासमोर आहे.

स्नेहल दोन दिवस राहिली. निघायच्या सकाळी आम्ही दोघंच नाल्यावर गेलो. ढोलीतून आता दोन आवाज येत होते, एक फारच बारीक. स्नेहलनं शीळ घातली, यावेळी माझ्याकडे बघत. माझ्या फोनवर उमटलं, 'माणूस. आवाज पुसला.' यंत्राला एवढ्यात शिकवलं होतं. आम्हाला दोघांनाही हसू आलं.

तिला बसमध्ये बसवून मी घरी आलो, भात टाकला आणि सवयीनं फोन उघडला. सत्तावीसच्या जागी काही नव्हतं. मग सव्वीसचे जुने आवाज लावले, कारण ते कुणी पुसलेले नव्हते.

सव्वीस बोलतो. मागे वारा असतो, पानं वाजतात, लांब कुठेतरी मोर असतो. मग एकदम काहीच नाही. वारा नाही, पानं नाहीत, काहीच नाही. जंगल गप्प झालं तरी इतकं गप्प होत नाही, ती पुसलेली जागा लगेच ओळखू येते. मग पुन्हा वारा येतो, आणि सव्वीस उत्तर देतो.

अशा शेकडो जागा आहेत. सुरुवातीच्या लांब आहेत, दोन पूर्ण सुरांएवढ्या. दिवाळीजवळच्या आखूड आहेत. एका ठिकाणी तर ती जागा इतकी लांब आहे की तिथे नुसती शीळ नसणार. तिथे ती मला काहीतरी बोलली असणार. बहुतेक गप बसा म्हणाली असेल.

मी गप बसलो. भात या वेळी बरा झाला.